जुन्या वस्तूंच्या सेवाभावी दुकानात स्वयंसेवक म्हणून काम कसे करावे

संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मदतीला येणारा माणूस पहिल्या दिवशी बहुधा गल्ल्यापाशी जाऊन उभा राहतो, कारण विक्री म्हणजेच दुकान अशी त्याची समजूत असते. चिपळूणमधल्या अशाच एका लहानशा दुकानात मी आठवड्याचे दोन दिवस बसते, आणि माझा अनुभव असा आहे की दुकानाचा नफातोटा दारातच ठरून जातो. जी वस्तू घ्यायलाच नको होती ती एकदा आत आली, की तिला धुवायला, वाळवायला, ठेवायला आणि शेवटी टाकून द्यायला माणूस लागतो, जागा लागते आणि पैसाही लागतो. हा पैसा गावातल्या मुलांच्या वह्यापुस्तकांचा किंवा पूरग्रस्तांच्या ताडपत्रीचा असतो. म्हणून या लेखात दारातल्या आणि छाटणीच्या कामावर जास्त भर दिला आहे. विक्रीचे काम त्या मानाने सोपे आहे.

टप्पा १ : येण्याआधी

दुकान पाहणाऱ्या व्यक्तीशी अर्धा तास बसून बोलावे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, विक्रीचा पैसा कोणत्या कामाला जातो आणि मागच्या वर्षी तो कशावर खर्च झाला, हे विचारायला संकोच करू नये. उद्या हेच प्रश्न गिऱ्हाईक तुम्हाला विचारणार आहे, आणि ‘मला काही माहीत नाही, मी नुसती मदतीला येते’ हे उत्तर ऐकून कोणाचाही विश्वास वाढत नाही.

त्यानंतर वार आणि वेळ ठरवावी. उत्साहाच्या भरात ‘रोज येईन’ असे सांगून भातलावणी सुरू होताच दिसेनासे होण्यापेक्षा, दर बुधवारी तीन तास येऊन ते वर्षभर पाळणे दुकानाला कितीतरी सोयीचे जाते. लावणीच्या, गणपतीच्या किंवा परीक्षांच्या दिवसांत येता येणार नसेल तर तसे आधीच सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण गाठोड्यांत गंजलेल्या टाचण्या, फुटकी काच आणि उघडी ब्लेडही निघतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी छाटणीचे काम मागून घेऊ नये. धूळ आणि बुरशी या दोन्ही गोष्टी तिथे भरपूर असतात.

*तपासा :* स्वयंसेवकाने स्वतःसाठी वस्तू घेण्याचा नियम कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारले का? आमच्याकडे वस्तूला किमतीची चिठ्ठी लागून ती किमान एक दिवस मांडली गेल्याशिवाय आम्हांपैकी कोणी ती घेत नाही, आणि पावती दुसऱ्याने फाडायची असते. हा नियम नसेल तर चांगली पैठणी दुकानात पोहोचण्याआधीच नाहीशी होते आणि मग सगळेच एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

टप्पा २ : दारात वस्तू स्वीकारताना

देणगी ठरावीक वेळेतच घ्यावी आणि ती वेळ पाटीवर ठळक लिहावी. बंद शटरपाशी रात्री ठेवलेले बोचके पावसात भिजते, कुत्री ते ओढतात आणि सकाळी दुकान उघडणाऱ्याला आधी रस्ता झाडावा लागतो.

बोचके दात्यासमोरच सोडावे. यात अविश्वासाचा भाग नाही. ‘कुठे काय जायला हवे ते आत्ताच वेगळे करू’ असे म्हटले की बहुतेक माणसे स्वतःच हात लावून मदत करतात, आणि जे घेता येणार नाही ते परत देणेही तेव्हाच शक्य असते. दाता निघून गेल्यावर निरुपयोगी वस्तू ही आपलीच जबाबदारी होऊन बसते.

काही वस्तू कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नयेत. वापरलेली अंतर्वस्त्रे, गाद्या आणि उशा यांचे कारण सांगायला नको. गादीच्या शिवणीत एखादा ढेकूण असला तरी महिनाभरात सगळे दुकान त्यांच्या ताब्यात जाते. औषधे घेऊ नयेत, कारण ती विकायला परवाना लागतो आणि ती कुठे, कशी ठेवली होती हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. गॅसचे रेग्युलेटर आणि नळ्या घेऊ नयेत. हेल्मेटही घेऊ नये, कारण एकदा पडलेल्या हेल्मेटच्या आतले दबलेले अस्तर बाहेरून दिसत नाही. देवांच्या मूर्ती आणि तसबिरी तर मुळीच घेऊ नयेत: त्या विकता येत नाहीत, टाकताही येत नाहीत, आणि कपाटामागे ठेवलेल्या दहा तसबिरींचे काय करायचे हा प्रश्न आमच्यापुढे अजून तसाच आहे.

नाही म्हणताना वाक्य तयार असावे. ‘काकू, ही चादर विरली आहे, ती विकली जाणार नाही. घरी पुसण्याला होईल, परत न्याल का? ही बाकीची दोन मात्र चांगली आहेत, ती ठेवून घेते’ असे सांगितले की माणूस दुखावत नाही. ‘असले आम्ही घेत नाही’ एवढेच तोडून सांगितले तर ती काकू पुढच्या वेळी चांगली साडीही घेऊन येत नाही. ‘ठेवा हो, कुणाला तरी उपयोगी पडेल’ हे वाक्य तुम्हाला दिवसातून पाच वेळा ऐकू येईल. त्यावर मनात एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू मी माझ्या सख्ख्या बहिणीला देईन का?

*सावधान :* शिमगा, मे महिना आणि गणपती या दिवसांत चाकरमानी गावी आले की जुन्या घरांचे माळे रिकामे होतात आणि तांब्यापितळेची भांडी दुकानात येतात. कोकणातली बरीच घरे सामायिक असतात, हे अशा वेळी विसरू नये. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला एका तरुणाने पितळेचा हंडा आणि दोन समया आणून दिल्या आणि रात्रीच्या गाडीने तो मुंबईला गेला. तिसऱ्या दिवशी त्याचे काका दारात उभे होते. हंड्याच्या गळ्यावर त्यांच्या आईचे नाव कोरलेले होते, आणि आम्ही तो आदल्या दिवशीच विकला होता. गिऱ्हाईक ओळखीचे असल्यामुळे हंडा परत मिळाला, पण तेव्हापासून आम्ही भांडे उलटेसुलटे करून नाव पाहतो, ‘घरातल्या सगळ्यांना विचारले आहे ना?’ असे स्पष्ट विचारतो आणि तांब्यापितळेची, जुन्या लाकडाची किंवा चांदीची वस्तू पंधरा दिवस बाजूला ठेवूनच मांडतो.

मोबाइल किंवा लॅपटॉप आला तर खरेदीचे बिल मागावे, सिम आणि मेमरी कार्ड दात्याकडूनच काढून घ्यावे आणि आतली माहिती त्याच्यासमोर पुसून टाकावी. बिल नसेल आणि देणारा अनोळखी असेल तर ती वस्तू न घेणेच बरे.

पावतीवर वस्तूंचे वर्णन आणि संख्या लिहावी, किंमत लिहू नये. प्राप्तिकरात ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत वस्तुरूप देणगीला मिळत नाही, आणि रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर तिलाही मिळत नाही. ‘साड्यांची दहा हजारांची पावती करून द्या’ असे सांगणारा कोणी ना कोणी दरवर्षी मार्चमध्ये येतोच. त्याला हे नम्रपणे सांगावे.

टप्पा ३ : छाटणी

छाटणीत बहुतेकांची चूक क्रमात होते. आलेला माल थेट आत नेऊन रॅकवर ठेवला जातो आणि ‘सवडीने बघू’ म्हटले जाते. ती सवड येत नाही, आणि एका दमट शर्टाचा वास चार दिवसांत सगळ्या रॅकला लागतो. म्हणून पुढचा क्रम मोडू नये.

१. माल पडवीत किंवा दाराबाहेर, स्वच्छ ताडपत्रीवर ओतावा. छाटणी न झालेली कोणतीही वस्तू उंबरा ओलांडणार नाही, ही सवय अंगी बाणवावी.

२. सगळ्यात आधी खिसे पाहावेत. पँटचे, कोटाचे आतले, पर्सचे कप्पे, परकराचा चोरखिसा, पुस्तकाची पाने. एकदा एका परकराच्या चोरखिशातून पाचशेच्या तीन नोटा निघाल्या, त्याही २०१६ साली बाद झालेल्या. कोणा आजीने त्या घरातल्या सगळ्यांपासून लपवल्या होत्या आणि शेवटी सरकारपासूनही. पासबुक, आधार कार्ड, पॉलिसीचे कागद, दागिना असे काही निघाले तर ते पाकिटात घालून त्यावर तारीख आणि दात्याच्या पावतीचा क्रमांक लिहावा आणि दोघांच्या सहीने ते पाकीट कुलपात ठेवावे. मिळालेल्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नये.

३. मग वास घ्यावा. डोळ्यांना न दिसणारी बुरशी नाकाला कळते. कुबट वास येणारे कपडे लगेच वेगळ्या पोत्यात टाकावेत.

४. त्यानंतर कपडा उजेडात धरावा. काख, कॉलर, पायघोळाची किनार, साडीचा पदर आणि निऱ्यांचा भाग या जागा पाहाव्यात. साडी पूर्ण उलगडल्याशिवाय तिला चांगली म्हणू नये. घडीच्या रेषेवर विरलेली रेशमी साडी घडीत अगदी नवी दिसते आणि नेसताना फाटते.

५. शेवटी ढीग करावेत: विक्रीचा, दुरुस्तीचा, चिंध्यांचा आणि टाकण्याचा. ‘नंतर ठरवू’ असा पाचवा ढीग करू नये. आमच्याकडे तो होता, आणि एका पावसाळ्यानंतर तो सगळाच्या सगळा चिंध्यांच्या ढिगात गेला.

*तपासा :* दुरुस्तीच्या ढिगात दहापेक्षा जास्त नग झाले का? झाले असतील तर बटण लावायला आणि शिवण घालायला कोणी बसल्याशिवाय त्यात नवीन नग टाकू नये.

टप्पा ४ : वाळवणे आणि साठवणे

देशावरच्या दुकानांचे नियम इथे कोकणात चालत नाहीत. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की दोरीवर दोन दिवस टाकलेला कपडा हाताला कोरडा लागतो आणि कपाटात जाऊन कुबट होतो. कपडा वाळला की नाही हे पाहायचे असेल तर कॉलर किंवा जाड शिवण गालाला लावून पाहावी. थंड लागली तर आत ओल आहे. अशा कपड्यावर इस्त्री फिरवून, तो पंख्याखाली तासभर पसरून ठेवून मगच घडी घालावी. इस्त्री करून गरम गरमच प्लास्टिकच्या पिशवीत भरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. आतली वाफ आतच राहते.

जांभ्या चिऱ्याच्या भिंतीतून पावसाळ्यात ओल झिरपते आणि वाळवीही त्याच वाटेने येते. म्हणून रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढावेत, त्यांचे पाय विटांवर ठेवावेत आणि सगळ्यात खालच्या फळीवर पुस्तके व कपडे न ठेवता भांडी आणि काचसामान ठेवावे. नदीकाठच्या बाजारपेठेत दुकान असेल तर याला दुसरेही कारण आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारात शिरले तेव्हा खालच्या फळ्यांवरचे सामान हलवायलाही कोणाला सवड मिळाली नाही. पावती पुस्तके, रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि न्यासाचे कागद यांची जागा पावसाळाभर माळ्यावरच असावी.

*सावधान :* तान्ह्या बाळांचे कपडे, दुपटी आणि गोधड्या यांत डांबरगोळ्या कधीही टाकू नयेत. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनमुळे, ज्या बाळांत जन्मतःच एका विशिष्ट विकराची कमतरता असते त्यांच्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आईवडिलांनाही बहुधा ठाऊक नसते. बाळांचे कपडे साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून, झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवावेत. देणगीत आलेल्या दुपट्याला डांबरगोळीचा वास असेल तर ते चिंध्यांत घालावे.

टप्पा ५ : किंमत लावणे

किंमत एकाच माणसाच्या हाताने लागावी, किंवा निदान भिंतीवर लावलेल्या एकाच तक्त्यावरून लागावी. तीन स्वयंसेवकांनी तीन दिवशी सारख्याच शर्टाला ३०, ६० आणि १०० रुपये लावले की गिऱ्हाईक ‘त्या ताई कधी बसतात?’ असे विचारू लागते.

बाजारात तशीच वस्तू नवी केवढ्याला मिळते ते आधी पाहावे. आठवड्याच्या बाजारात नवा टी-शर्ट दीडशेला मिळत असताना आपला जुना १२० रुपयांना विकला जाणार नाही, त्यावरचा शिक्का कितीही भारी असो. साध्या कपड्याला नव्याच्या चौथाईपेक्षा कमी, तर जाड चादरी, कुकर, सायकल, शिलाईयंत्र अशा टिकाऊ वस्तूंना तिसऱ्या हिश्शापर्यंत, असा आमचा अंदाज असतो. किंमत दहाच्या पटीत ठेवावी, म्हणजे सुट्या पैशांवरून होणारा खोळंबा टळतो. चिठ्ठी सुतळीने किंवा सेफ्टी पिनेने शिवणीतच लावावी. चिकटपट्टीने रेशीम आणि पुस्तकांची वेष्टने खराब होतात. चिठ्ठीच्या कोपऱ्यात महिना लिहावा, त्याचा उपयोग शेवटच्या टप्प्यात होतो.

विजेवर चालणारी वस्तू किंमत लावण्याआधी दहा मिनिटे चालवून पाहावी. वायर कुठे सोललेली आहे का, तीन पिनांची प्लग दोन पिनांची केली आहे का, चालू असताना जळका वास येतो का, हे पाहावे; शंका आली तर ती वस्तू मेकॅनिककडे किंवा ई-कचऱ्यात जावी, गिऱ्हाइकाकडे नव्हे. कुकरची शिट्टी, रबर आणि सुरक्षा झडप तपासून, खराब असेल ते नवे बसवून, तो खर्च किमतीत धरावा. नाणेबॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते विकू नये. ती बॅटरी मुलाने गिळली तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

घासाघीस होणारच. त्यासाठी ‘ठरलेली किंमत, पण तीन नग घेतले तर दहा रुपये कमी’ असा एक नियम करून तोच सर्वांना सांगावा. खरोखर गरजू माणूस आला तर गल्ल्यावर बसलेल्याने दया येऊन फुकट देऊ नये आणि चारचौघांत त्याची चौकशीही करू नये. संस्थेने अशा माणसाला आधीच एक चिठ्ठी देण्याची पद्धत ठेवावी. माणूस ती चिठ्ठी घेऊन येतो, इतरांसारखा निवडतो, पिशवी घेऊन जातो आणि रोजमेळात त्याची नोंद पडते. दुसऱ्या गिऱ्हाइकाला काही कळतही नाही.

टप्पा ६ : मांडणी

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कपडे मापाप्रमाणे लावावेत, रंगाप्रमाणे नव्हे. साड्या आडव्या घडीत काठ दिसेल अशा ठेवाव्यात. नऊवारी वेगळी ठेवावी, कारण ती शोधत येणाऱ्या आजींना उभे राहून ढीग उपसता येत नाही. दारासमोर प्लास्टिकची एक खुर्ची ठेवावी.

टप्पा ७ : गल्ला आणि रोजमेळ

सकाळी गल्ल्यात किती सुटे ठेवले ते लिहूनच पहिली पावती फाडावी. रोख आणि यूपीआय यांचे रकाने वेगळे ठेवावेत. यूपीआयची रक्कम दुकानाच्या फोनवर किंवा रक्कम बोलून सांगणाऱ्या ध्वनियंत्रावर आल्याशिवाय पिशवी हातात देऊ नये. गिऱ्हाइकाच्या फोनवरचे ‘पैसे गेले’ असे चित्र हा पुरावा नव्हे.

*सावधान :* पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. अशा वेळी स्वतःच्या फोनवरचा क्यूआर पुढे करू नये. आमच्याकडे एका स्वयंसेवकाने चांगल्या भावनेने तसे केले. दिवसभराची रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली, तीत त्याचे स्वतःचे दोन व्यवहार मिसळले, आणि हिशेब जुळवायला दोन संध्याकाळी लागल्या. पैसा जुळला, पण तो मुलगा त्यानंतर गल्ल्यावर बसला नाही. नेटवर्क नसेल तर रोख घ्यावी, नाहीतर वस्तूला नावाची चिठ्ठी लावून ती उद्यापर्यंत राखून ठेवावी. उधारी ठेवू नये.

संध्याकाळी दोघांनी मिळून नोटा मोजाव्यात, पावत्यांची बेरीज करावी आणि फरक आला तर तो तसाच लिहून खाली दोघांनी सही करावी. वीस रुपये कमी आले म्हणून स्वतःच्या खिशातून भरणारा स्वयंसेवक हिशेबाचे नुकसानच करतो, कारण चूक कुठे होते हे मग कधीच कळत नाही.

टप्पा ८ : आपत्तीच्या दिवसांत

पूर किंवा वादळ आल्याची बातमी पसरताच बाहेरगावाहून जुन्या कपड्यांची पोती येऊ लागतात आणि नेमके त्याच वेळी ती उतरवायला कोरडी जागा नसते. अशा वेळी पहिले काम म्हणजे दात्यांना फोन करून पोती थांबवायला सांगणे आणि शक्य असेल तर निधी पाठवायला सांगणे. दुकानाची खरी मदत शिल्लक रकमेने होते, म्हणून ती बँकेत वेगळी राखलेली असावी.

आपत्तीप्रमाणे गरज बदलते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात छपरे उडाली होती. तिथे ताडपत्री, पत्रे आणि ते बसवायचे हूक हवे होते. पुरानंतर आधी चिखल काढावा लागतो: फावडी, खराटे, बादल्या, गमबूट, ब्लीचिंग पावडर आणि पिण्याचे पाणी. दरडीत घर गेलेल्या कुटुंबाकडे पातेल्यापासून आधार कार्डापर्यंत काहीच उरलेले नसते. म्हणून आधी तिथल्या कार्यकर्त्याला विचारावे, यादी लिहून घ्यावी, पूर न आलेल्या गावातून खरेदी करावी आणि घाट चालू आहे का हे विचारूनच टेम्पो सोडावा.

*सावधान :* ‘पूरग्रस्तांसाठी’ म्हणून दिलेली नवी चादर दुकानात विकू नये. ती वाटायची आहे की विकून पैसा वापरायचा आहे हे पावती करतानाच दात्याला विचारून लिहून घ्यावे आणि दोन्ही माल वेगवेगळ्या खोलीत ठेवावेत. एकाच रॅकवर ठेवले की पहिल्या आठवड्यातच गफलत होते, आणि गावात एकदा ‘मदतीचा माल विकतात’ अशी बोलवा झाली की ती पुसता येत नाही.

टप्पा ९ : न खपलेला माल

चिठ्ठीवरचा महिना पाहून तीन महिने जुन्या वस्तूची किंमत निम्मी करावी आणि आणखी एका महिन्याने ती रॅकवरून काढावी. भांडी भंगारात द्यावीत आणि वजनाची पावती रोजमेळाला जोडावी. विजेच्या वस्तू ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडेच जाव्यात. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याला त्या देऊ नयेत.

सुती चिंध्या मात्र जपाव्यात. बटणे आणि साखळ्या काढून, हातभर लांबीचे तुकडे करून त्या गॅरेजवाल्यांना किलोवर विकता येतात, पण सगळ्या विकू नयेत. पूर ओसरल्यावर फरशी, कपाटे आणि भांडी पुसायला कोरडे सुती कापड लागते, आणि तेव्हा घराघरांतले सगळे कापड भिजलेले असते. आम्ही मेअखेरीस अशी आठ पोती भरून, तोंडे शिवून, वर ‘सुती, कोरडे’ असे लिहून माळ्यावर चढवतो. ती ऑक्टोबरात खाली उतरवून उघडायची, उरलेल्यांना ऊन दाखवायचे आणि मगच गॅरेजवाल्यांना बोलवायचे.